डेनालीच्या वाटेवरील मुक्काम

अलास्कांतील डेनाली राष्ट्रीय उद्यान १९१७ सालीं स्थापन झालें. तें पाहावयास जाणारापुढें पहिला प्रश्न येतो तो मुक्कामाचा : दक्षिणेस अँकोरेज, कीं उत्तरेस फेअरबँक्स?

अँकोरेज शहर मोठें. तेथें सोयी पुष्कळ. परंतु तेथून उद्यानाचें द्वार सुमारें ३८० किलोमीटर दूर. फेअरबँक्सहून तें २०० किलोमीटरांच्या आंत आहे. दोन्ही शहरांना जोडणारा लोहमार्ग १९२३ सालीं पुरा झाला. उन्हाळ्यांत आगगाडीनें अँकोरेजहून उद्यानाशीं पोंचण्यास साडेसात-आठ तास लागतात, फेअरबँक्सहून सुमारें चार.

हा हिशेब केवळ श्रमांचा नव्हे. ६,१९० मीटर उंचीचें तेथील शिखर उन्हाळ्यांत बहुधा मेघांआड असतें; तीन दिवसांत एखादे दिवशीं दर्शन घडतें. सकाळीं जाऊन रात्रीं परतणाराच्या वांट्यास मेघच यावयाचे. शिवाय उद्यानांत रस्ता एकच, १४८ किलोमीटरांचा. उन्हाळ्यांत खाजगी मोटारीस सामान्यतः पहिल्या २४ किलोमीटरांपलीकडे जाऊं देत नाहींत. पुढें बसनेंच जावें लागतें. २०२१ च्या ऑगस्टांत दरड घसरल्यामुळें हा रस्ता मध्यावरच बंद करावा लागला. तेव्हां निघण्यापूर्वीं तो कोठवर खुला आहे याची चौकशी अवश्य करावी.

माझें मत असें : अँकोरेजला उतरावें, फेअरबँक्सहून परतावें, आणि वांचलेले दोन-तीन दिवस उद्यानाच्या दाराशींच काढावे. ज्यास एकाच शहरीं राहणें भाग आहे, त्यानें फेअरबँक्स पत्करावें. यात्रेचे सारे दिवस वाटेवरच्या धर्मशाळेंत गेले, तर देवदर्शन राहूनच जावयाचें.