हिरड्या दिसणारं हसू

लग्न ठरलं की मुली आम्हा दातांच्या डॉक्टरांकडे येतात आणि म्हणतात, "हसले की हिरड्या फार दिसतात. लेझरने कापून द्या." पण सगळ्याच हिरड्या कापून भागत नाही.

मनमोकळं हसताना एक-दोन मिलिमीटर हिरडी दिसणारच. तीन-चारच्या पुढे गेली की ती नजरेत भरते. आजार मात्र तो नव्हे. वयाबरोबर वरचा ओठ थोडा उतरतो आणि हिरड्या आपोआप कमी दिसू लागतात.

तपासणीत डॉक्टर आधी गप्प बसायला सांगतात. ओठ सैल सोडायचे. नाकाच्या बुडापासून ओठाच्या कडेपर्यंत बायकांत साधारण 20 ते 22 मिलिमीटर भरतात, पुरुषांत थोडे जास्त. ओठ पुरेसा लांब आहे, पण हसताच सर्रकन वर जातो, तर कारण तो ओढणाऱ्या स्नायूंत. गप्प असतानाही दात फार दिसतात, ओठ मिटायला जोर लागतो, तर बहुधा वरचा जबडाच उभा वाढलेला. बाजूने काढलेल्या एक्स-रेत ते कळतं. आणि दातच बुटके, चौकोनी दिसत असले तर? पटाशीचा मधला दात 10-11 मिलिमीटर लांब असतो. आठच दिसत असेल, आणि झिजलेला नसेल, तर उरलेला हिरडीखाली दडलाय.

कापायचं ते मुख्यतः इथे. तेही जागा बधिर करून, आत हाड कुठवर आहे ते पाहून. हाड हिरडीच्या कडेला फार जवळ असेल तर तेही थोडं कमी करावं लागतं, नाहीतर हिरडी पुन्हा खाली येते. स्नायूंसाठी बोटॉक्स आहे. असर तीन-चार महिने, मग पुन्हा सुई आणि पुन्हा पैसे. जबडाच लांब असेल तर तो वर बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया. नुसत्या हसण्यासाठी ती करावी का, हे घरी बसून निवांत ठरवा.

फिटच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हिरड्या फुगतात. फेनिटॉइन, अ‍ॅम्लोडिपिन ही त्यातली नावं. गोळी परस्पर बंद करू नका. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. तोवर दातांवरचं कीटण काढून घ्या, सूज बरीच उतरते.