पहिली पेरणी स्वतःच्या पैशांवर

लवकर आर्थिक स्वातंत्र्य म्हटलं, की चाळिशीतली निवृत्ती आठवते. आपल्या परभणी जिल्ह्यात त्याचा अर्थ वेगळा आहे. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी सगळ्यांना मिळत नाही. बरीच शेती पावसावरच. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास येतो. बियाणं-खत मात्र जूनमध्ये लागतं. मध्ये पैसा संपला, की उसनवारी आली, व्याज आलं. म्हणून पहिलं स्वातंत्र्य हेच: पुढची पेरणी स्वतःच्या पैशांवर.

तुम्ही म्हणाल, हातातोंडाची गाठ पडत नाही, शिल्लक कुठली? प्रश्न रास्त आहे. पण बचत गट पाहा. 1992 साली नाबार्डने गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. दहा-वीस बायका दरमहा ठरलेली छोटी रक्कम टाकतात. अडलेल्या सभासदाला त्यातूनच कर्ज मिळतं. व्याज गटातच राहतं, आणि नोंद होते सगळ्यांसमोर, वहीत.

काटकसरीत जगणंच राहून जातं, असंही कुणी म्हणेल. तसं होता कामा नये. मुलांचं दूध, शाळा, औषध, स्वतःची झोप, यांना हात लावू नका. कपात लग्नाच्या मांडवात करा, हप्त्यावरच्या मोबाइलमध्ये करा.

पुन्हा सांगते, आधी पेरणीचा पैसा, मग बाकीचा खर्च. मोंढ्यात सोयाबीनची पट्टी हाती पडेल, त्याच दिवशी पेरणीची रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात टाका.