हातचा एक

(जिंतूर तालुक्यातील आदिवासी पालकांच्या बैठकीत केलेले भाषण)



शाळेत आपण बेरीज शिकलो. 38 आणि 27. आठ आणि सात पंधरा. पाच लिहायचे, हातचा एक. तीन आणि दोन मिळवेपर्यंत तो हातचा डोक्यात धरून ठेवावा लागतो. एक गोष्ट धरून ठेवून दुसरे काम करण्याच्या या शक्तीला कार्यस्मृती म्हणतात. ती सर्वांचीच तोकडी असते. बौद्धिक दिव्यांग मुलांची बहुधा त्याहून तोकडी.

आता घरात काय होते? आई एका दमात सांगते, "शेळीला पाणी पाज, चुलीतलं लाकूड ओढ, आणि येताना काकूकडची चाळण आण." मुलगा शेळीला पाणी पाजतो आणि तिथेच उभा राहतो. मग बोलणी बसतात, धपाटाही बसतो. "मुद्दाम करतो! सगळ्या शेळ्या ओळखतो, गीतं पाठ आहेत, मग एवढं कसं आठवत नाही?" मीही एका मुलाला असाच हट्टी म्हणालो होतो. चूक माझी होती. रोज पाहून, शंभरदा म्हणून पक्के झालेले वेगळ्या कोठीत असते, आणि ते तिथे टिकते. आत्ता सांगितलेले मात्र निसटते.

म्हणून एका वेळी एकच काम सांगा. ते झाले की दुसरे. चाळण हवी तर हाताने चाळून दाखवा. डाउन सिंड्रोमच्या मुलांत कानाने ऐकलेले विशेष लवकर निसटते, डोळ्यांनी पाहिलेले त्या मानाने टिकते. (त्यांचे कानही तपासून घ्या, कमी ऐकू येणे या मुलांत पुष्कळ आढळते.) आणि सकाळचा क्रम बदलू नका: तोंड धुणे, कपडे, भाकरी, दप्तर. क्रम अंगवळणी पडला की हातचा धरावा लागत नाही.

बाजारात स्मरणशक्तीच्या बाटल्या मिळतात. त्यांनी ही अडचण जात नाही. ते पैसे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी परभणीला जायच्या गाडीभाड्याला ठेवा. 2016 च्या कायद्याप्रमाणे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत.

आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांना एक विनंती. रविवारी उपासना संपल्यावर त्या मुलाला "सतरंज्या उचल, दिवे बंद कर, दार लाव" असे एकदम सांगू नका. आधी सतरंज्या.