नीळकंठशास्त्र्यांचे प्रश्न



आजचा विषय ज्या नारायण पेठेत मांडला जात आहे, तेथेच लोकमान्यांचा केसरीवाडा आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या परिशिष्टात लोकमान्यांनी गीता आणि ख्रिस्ती बायबल यांची तुलना केली आहे. धर्मांतराविषयी आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते; परंतु ते आमिष, शाळा आणि दवाखाने यांपाशीच संपते. ख्रिस्ती मताची तत्त्व म्हणून परीक्षा करण्याची रीत मात्र मागे पडली. ही रीत लोकमान्यांच्याही आधी सत्तर वर्षांपासूनची आहे, आणि तिचा एक मोठा मानकरी विशीतला चित्पावन पंडित होता.

कंपनी सरकारातील संस्कृतज्ञ अधिकारी जॉन म्यूर याने १८३९ साली 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ रचून ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व प्रतिपादन केले. त्याला संस्कृतातच उत्तरे निघाली. सिहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू आणि बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन यांच्यानंतर, १८४४-४५च्या सुमारास, काशीतील नीळकंठशास्त्री गोरे यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. त्यात शिवीगाळ नाही. प्रश्न आहेत आणि ते नेमक्या मर्मावर आहेत.

जगात एक जन्मतः आंधळा, तर दुसरा राजपुत्र. ख्रिस्ती मताप्रमाणे जीवाला पूर्वजन्म नाही. ईश्वर त्याला नव्याने निर्माण करतो. मग ही विषमता कोणाच्या पदरी घालायची? 'आदमच्या पापाचे फळ' असे म्हटले, तर एकाच्या अपराधासाठी त्याच्या अगणित वंशजांना शासन करणारा न्यायाधीश कसला? पशूंची गोष्ट तर त्याहून अवघड. त्यांनी पाप केले नाही, त्यांना तारणही सांगितलेले नाही. तरी ते यातना भोगतात. आणि साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यातील पापासाठी अनंतकाळ नरक? अपराध मर्यादित आणि शिक्षा मात्र अमर्याद, हे कोणत्याही न्यायासनाला शोभणारे नाही.

वेदान्त्यांना हा प्रश्न नवा नव्हता. ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयता, असे दोन दोष येतात की काय, याची चर्चा ब्रह्मसूत्रांत झालेली आहे. ईश्वर जीवाच्या कर्माला अनुसरून फळ देतो, कर्माची परंपरा अनादि आहे, आणि कोणाचाही नरक कायमचा नाही, हे तेथील उत्तर.

ख्रिस्ती विचारवंतांना ही अडचण दिसली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिसऱ्या शतकातील ऑरिजेनने सर्व जीव अखेरीस ईश्वराकडे परततील अशी आशा मांडली. पुढे चर्चने ती त्याज्य ठरवली. बाप्तिस्मा न होता दगावलेल्या अर्भकांची गती काय, याचा विचार तर अगदी अलीकडेपर्यंत चालू होता. त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मतत्त्व आयोगाने २००७ साली म्हटले. मूल गमावलेल्या किती मातांनी या उत्तराची वाट पाहत शतके काढली असतील!

क्षमेचा प्रश्न याहून नाजूक आहे. निष्पाप ख्रिस्ताने क्रुसावर यातना सोसल्या म्हणून पाप्याला क्षमा मिळते, हा त्या धर्माचा गाभा. त्यात करुणा आहे. स्वतः ईश्वर दुःखात उतरतो ही कल्पना अनेक व्यथितांना आधार देते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ईश्वर सर्वसमर्थ असेल, तर क्षमा करण्यासाठी त्याला निरपराध्याचे रक्त कशाला हवे? आणि शेजाऱ्याचे घर जाळणाऱ्याला देवाने क्षमा केली, तर शेजाऱ्याचे काय? आपल्याकडील प्रायश्चित्ताच्या विचारात अनुतापाचे ओझे कर्त्याच्याच खांद्यावर राहते. अर्थात त्याचेही पुण्यात काय झाले, ते ठाऊक आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. एवढा गंभीर विचार चहाच्या पेल्यात बुडाला!

आता या कथेतील सर्वांत अडचणीचा भाग. हेच नीळकंठशास्त्री १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेमिया गोरे झाले. पुढे त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' लिहून आपल्याच दर्शनांचे खंडन केले. त्यांच्या लेखनाचा प्रभाव पंडिता रमाबाईंवर पडला आणि १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. पण रमाबाईंनीही बुद्धी गहाण टाकली नाही. वाँटेजच्या मठातील भगिनींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील उपलब्ध आहे. त्रैक्याच्या सिद्धांतावर आणि अथनेशियसच्या मतांगीकारावर त्या तेथे हट्टाने वाद घालतात. त्यांच्या या वादाची चर्चा हिंदू घरांत फारशी होत नाही. तिकडच्या भक्तिपर चरित्रांतही ती कमीच सापडते.

गोरे ख्रिस्ती झाले म्हणून त्यांच्या तरुणपणच्या प्रश्नांना उत्तर मिळाले, असे होत नाही. प्रश्नकर्त्याने घर बदलले, एवढेच. मात्र तो का गेला, हा प्रश्न आपल्याही दारात उभा राहतो. कर्मसिद्धांताने विषमतेचा उलगडा केला. परंतु त्याच सिद्धांताचा आधार घेऊन गावकुसाबाहेरच्या माणसाला 'तुझे पूर्वजन्मीचे भोग' असे शतकानुशतके सुनावले गेले. बालविधवेला तेच सांगितले. रमाबाईंच्या शारदासदनात मुली का गेल्या, याचे अर्धे उत्तर येथे आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीत ढिगाऱ्याखालून मुलाचा हात शोधणाऱ्या बापाला कर्मविपाक समजावणे आणि 'ही प्रभूची इच्छा' असे सांगणे, यांत क्रौर्य सारखेच.

लोकमान्यांनी 'गीतारहस्या'त 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असे जोडनाव देऊन स्वतंत्र प्रकरण लिहिले, ते यासाठीच महत्त्वाचे. मागचे कर्म भोगावे लागते, पण पुढचे कर्म माणसाच्या हाती आहे. म्हणून विपाकाचा सिद्धांत स्वतःकडे पाहण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दुःखाचा पंचनामा करण्यासाठी नाही. केडगावच्या मुक्तिसदनाने दुष्काळात अनाथ मुलींना आसरा दिला, तेव्हा त्यामागील धर्ममताशी वाद घालण्याचा अधिकार आपल्याला होताच. पण त्या मुली आधी आपल्या दारावरून पुढे गेल्या होत्या.