राखेचा सडा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण दरवर्षी बाहेरचे कोणी विद्वान वक्ते बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी ठरविले की, घरच्याच बाईने बोलावे. आणि विषयही त्यांनीच देऊन टाकला. "तुम्ही ज्वालामुखीच्या शेजारी राहिला होतात ना? ते सांगा," असे म्हणाल्या. तेव्हा आधीच सांगून ठेवते, की ज्वालामुखी म्हटल्यावर डोळ्यांपुढे तांबड्यालाल रसाचे लोट येतात, ते मी पाहिलेले नाहीत. मी पाहिली ती राख. राख, केरसुणी आणि पाण्याचा तांब्या, एवढीच माझी ज्वालामुखीची हकीकत. पण हे विषय आपल्या हातातले आहेत, म्हणून बोलण्याचे धाडस करते.

लग्नानंतर आम्ही अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात याकिमा या गावी राहत होतो. राजधानीचे वॉशिंग्टन शहर वेगळे, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला. याकिमा म्हणजे सफरचंदांचा मुलूख. पाऊस बेताचा, ऊन स्वच्छ, आणि नजर पोचेल तिथवर बागा. आमचे यजमान तेथील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. मुलगा तीन वर्षांचा होता आणि त्या वर्षी, म्हणजे १९८० साली, सासूबाई आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. त्यांना जुना दमा. याकिमाची कोरडी हवा त्यांना मानवली होती.

आमच्या पश्चिमेस सुमारे पंच्याऐंशी मैलांवर सेंट हेलेन्स नावाचा बर्फाच्छादित पर्वत आहे. आपल्याकडे स्वातंत्र्यसमर झाले त्या १८५७ सालापासून तो निजलेला होता. १९८० च्या २० मार्चला तेथे भूकंपाचा मोठा धक्का बसला आणि २७ मार्चला शिखरातून वाफ व राख बाहेर पडली. मग पर्वताची उत्तरेकडची बाजू फुगू लागली, आणि तीसुद्धा दिवसाला पाच-सहा फुटांनी! शिटी अडकलेला कुकर आपण जाणतो. आतला तप्त रस वर चढत होता, त्याला वाट मिळत नव्हती.

शास्त्रज्ञांच्या सल्ल्यावरून सरकारने पर्वताकडचे रस्ते बंद केले. आता दोन महिने झाले तरी काही होईना, तेव्हा लोक कुरकुर करू लागले. कोणाची तिकडे विश्रांतीची घरे होती, कोणाचा धंदा होता. स्पिरिट लेक या तळ्याकाठी हॅरी ट्रूमन नावाचे ८३ वर्षांचे गृहस्थ प्रवाशांसाठी निवास चालवीत. त्यांनी तर जागा सोडायला साफ नकार दिला. अखेर शनिवारी, १७ मे रोजी, काही घरमालकांना पोलिसांच्या सोबतीने सामान आणण्यापुरते आत नेले. दुसरी तुकडी रविवारी सकाळी दहा वाजता निघायची होती.

रविवारी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी पर्वत फुटला.

५.१ प्रतीच्या भूकंपाने ती फुगलेली बाजूच घसरून खाली आली. माणसाने नोंद ठेवायला लागल्यापासूनची ती सर्वांत मोठी दरड. झाकण उडाल्यावर आतली वाफ आडवी सुटली आणि सुमारे २३० चौरस मैलांतले अरण्य काडेपेटीच्या काड्यांसारखे आडवे झाले. पंधरा मिनिटांत राखेचा खांब पंधरा मैल उंच गेला. पर्वताची उंची ९,६७७ फूट होती, ती ८,३६३ फूट राहिली. सत्तावन्न माणसे गेली. त्यांत ते ट्रूमन होते, आणि सहा मैलांवरच्या चौकीत पर्वतावर नजर ठेवून बसलेले डेव्हिड जॉन्स्टन हे तीस वर्षांचे शास्त्रज्ञही होते. रस्ते बंद ठेवा असे आग्रहाने सांगणाऱ्यांपैकी ते एक. रविवार नसता तर शेकडो लाकूडतोडे त्या रानात कामावर असते. दहा वाजण्याची वेळ आठची असती, तर घरमालकांची तुकडीही वाचली नसती. लोकांची कुरकुर ऐकून रस्ते उघडले असते तर काय झाले असते, ते सांगायला नकोच.

हे सर्व आम्हांला मागाहून कळले. त्या वेळी आमच्या घरी काय चालले होते ते सांगते.

मे महिना, लख्ख ऊन. सासूबाईंच्या हाताला स्वस्थता कुठली! त्यांनी बटाट्याचा कीस करून मागच्या अंगणात जुन्या चादरीवर वाळत घातला होता. यजमान सकाळच्या पाळीला गेले होते. नऊच्या सुमारास सासूबाईंनी हाक मारली, "अगं, वळीव येतोय. वाळवण आत घे!"

मी बाहेर आले. पश्चिमेकडून काळाजांभळा ढग चढत होता. वळवाच्या ढगाची कड पिंजलेली असते. याची कड कापून काढल्यासारखी होती आणि पोटाखाली गाठीगाठी लोंबत होत्या. पाखरे गप्प झाली होती. आम्ही दोघींनी चादरीची चार टोके धरून कीस आत आणला तोवर सूर्य झाकला. पावणेदहा-दहाच्या सुमारास मिट्ट काळोख झाला आणि रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले. छपरावर पावसासारखा आवाज येऊ लागला. सासूबाईंनी दार किलकिले करून हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "पडतंय, पण भिजवत नाही!" तळहातावर काळी बारीक वाळू होती. तिला काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येत होता.

थोड्याच वेळात यजमानांचा फोन आला. "पर्वत फुटला. दारे-खिडक्या लावून घ्या. आईला बाहेर येऊ देऊ नकोस. मला येता येईल असे दिसत नाही." त्यानंतर फोन लागेना. ते घरी आले ते मंगळवारी.

भगिनींनो, ही राख आपल्या चुलीतली नव्हे. चुलीतली राख मऊ. आपल्या आया-आज्या तिने भांडी लखलखीत घाशीत. ज्वालामुखीची राख म्हणजे दगडाचा आणि काचेचा कुटून केलेला भुगा. ती पाण्यात विरघळत नाही. काचेवरून फडके फिरवले की ओरखडे उठतात. मग दमेकऱ्याच्या छातीत ती गेली तर काय होईल?

दुपारनंतर राखेचा रंग बदलला. आता ती फिकी, पिठासारखी बारीक येऊ लागली आणि फटीफटीतून घरात शिरली. मी टॉवेल भिजवून दाराखाली व खिडक्यांशी दाबून बसविले. संध्याकाळी सासूबाईंची छाती भरून आली. भारतातून आणलेल्या गोळ्या होत्या, पण त्यांना बोलता येईना इतकी धाप लागली. मोटार काढावी तर मला रस्ता दिसत नव्हता, आणि राखेने मोटारी जागोजाग बंद पडत होत्या. मुलगा भेदरून पदराला धरून होता.

समोरच्या घरात एक परिचारिका राहत असे. तिची-माझी ओळख हात हलविण्यापुरती. मी दिवाणखान्याचा दिवा सारखा लावला-विझवला. तिने ते पाहिले. तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून, हातात विजेरी घेऊन ती रस्ता ओलांडून आली. त्या तीस पावलांत तिचे केस म्हातारीसारखे पांढरे झाले होते. तिने सासूबाईंना घराच्या मधल्या, बिनखिडकीच्या बोळात नेले, उशांना टेकवून बसते केले, सभोवती ओल्या चादरी टांगायला लावल्या, आणि गोळ्यांची वेळ स्वतः सांभाळली. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हते, तिला मराठी नव्हते. रात्रभर ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत बसली होती. पहाटे त्यांना झोप लागली, तेव्हा ती उठली.

सोमवारी उजाडले तेव्हा बाहेर सारे एकाच रंगाचे होते. झाडे, मोटारी, हिरवळ, सगळे राखाडी. आवाज कसला तो नाही. पुढे वाचले की, याकिमा शहरावर त्या एका दिवसात सुमारे सहा लाख टन राख पडली. आमच्या पूर्वेस रिट्झव्हिल नावाचे लहानसे गाव आहे. तेथे हमरस्ता बंद पडल्यामुळे गावच्या वस्तीइतकेच प्रवासी अडकले, आणि गावकऱ्यांनी त्यांना घरांत, शाळांत, चर्चमध्ये ठेवून घेऊन जेवू घातले.

आता खरी लढाई सुरू झाली, ती झाडण्याची. लोक तोंडाला कॉफी गाळायचे कागद बांधून बाहेर पडले. मोटारीच्या हवेच्या जाळीत राख जाऊ नये म्हणून बायकांनी आपले लांब पायमोजे काढून दिले. ते गाळणीसारखे जाळीवर चढवीत. प्रत्येकाने आपापले अंगण झाडले. दुपारी वारा सुटला आणि शेजारच्या छपरावरची राख पुन्हा अंगणात येऊन बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोणी नळीने धुऊन काढायला गेले, तर राखेचा गारा होऊन गटारे तुंबली, आणि शहराचे सांडपाण्याचे यंत्रही बिघडले. पाणी जपून वापरा, राख गटारात लोटू नका, असे रेडिओवर सारखे सांगू लागले.

सासूबाई बंद खिडकीतून हे पाहत होत्या. त्या मला म्हणाल्या, "अगं, ही माणसं कोरडं झाडतात नाहीतर धुतात. सडा घालावा हे यांना ठाऊक नाही का? आणि एकट्याचं अंगण झाडून काय उपयोग? वारा काय घर विचारून येतो?"

त्यांचे बोलणे मी समोरच्या परिचारिकेला सांगितले, तिने आणखी चौघींना. गुरुवारी आमची सगळी गल्ली एकदम बाहेर पडली. ज्या बाजूने वारा येतो त्या टोकापासून सुरुवात. आधी छपरे, कारण पाऊस पडून राख भिजली असती तर तिचा भार छपरांना झेपला नसता. मग अंगणे, शेवटी रस्ता. मी तांब्या घेऊन सडा कसा शिंपायचा ते दाखविले: चिखल होऊ नये आणि धूळ उडू नये, इतपतच. एकटी राहणारी एक म्हातारी बाई होती, तिचे छप्पर सर्वांत आधी झाडले. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला राखेचा लांबच लांब ढीग उभा राहिला आणि नगरपालिकेच्या गाड्यांनी तो उचलून नेला. रात्री वारा सुटला, तरी आमच्या गल्लीत धूळ उठली नाही. सासूबाईंनी चार दिवसांनी खिडकी बोटभर उघडली.

पूर्ण शहर साफ व्हायला दहा आठवडे लागले आणि बावीस लाख डॉलर खर्च आला. पुढच्याच रविवारी, २५ मे रोजी, पर्वत पुन्हा उफाळला. पण त्या खेपेस वारा दुसरीकडे होता. गुरांचे गवत बुडाले आणि मधमाश्या फार मेल्या. मात्र पाऊस नेहमीपेक्षा बरा झाला, आणि सफरचंदे व गहू त्या साली उत्तम आले. सासूबाई ऑक्टोबरात परतल्या, त्या सफरचंदांची पेटी बरोबर घेऊनच.

तुम्ही म्हणाल, हे सारे दूरदेशीचे. पण आपला सह्याद्री तरी कशाचा आहे? सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी येथे जमीन फाटून लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचाच हा काळा पत्थर. अजिंठा-वेरूळची लेणी त्यातच कोरलेली. आपले जाते आणि पाटा-वरवंटाही त्याचाच, आणि कापसाची काळी माती हा त्याचाच चुरा. आज भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर. तेव्हा आपल्या अंगणात राख पडेल अशी भीती नको.

पण पाणी शिरते, दरड कोसळते, साथ येते. वारा काय किंवा पाणी काय, घर विचारून येत नाही. संकटाची सूचना देणारा माणूस त्या वेळी नकोसा वाटतो, त्याचे ऐकावे. आणि समोरच्या घरातली बाई नावाने ठाऊक असावी, तिच्या घरी दमेकरी कोण, एकटे कोण, हे आपल्याला माहीत असावे. आपले मंडळ हळदीकुंकू करते, सहली काढते, ते सर्व चांगलेच आहे. त्याच्या जोडीला यंदा एक वही घालावी, अशी माझी सूचना आहे. वस्तीतल्या प्रत्येक घरात औषधावर कोण आहे, रात्री-अपरात्री कोणाचे दार वाजवायचे, एवढेच तिच्यात लिहायचे. पहिले पान लिहायला मी तयार आहे.