तीन पेडांची वेणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी तिवसा येथे केलेले भाषण)



विषय मी शोधला नाही; आपल्यातल्याच एका भगिनीने तो माझ्या हाती दिला. हळदीकुंकवाला त्यांनी मोबाईलवर दोन जाहिराती दाखवल्या. एकीत कोलॅजेनच्या भुकटीचा महागडा डबा, दुसरीत इवलीशी कुपी, तिच्यावर लिहिलेले, "मानवी कोलॅजेन, केवळ प्रयोगशाळेतील संशोधनासाठी." त्यांनी विचारले, "ताई, माझे गुडघे दुखतात. यातले कोणते घेऊ?" तेव्हा मला उत्तर देता आले नाही. पुढे वाचून, विचारून जे समजले ते सांगते.

सुताराकडचा सरस आपण पाहिला आहे. जनावरांची कातडी नि हाडे उकळून तो काढतात. त्यातला चिकटपणा कोलॅजेनचाच, आणि कोलॅजेन हे नावही ग्रीक भाषेतल्या सरसाच्या शब्दावरून पडले. हे एक प्रथिन आहे. आपली कातडी, हाडे, सांधे यांना तेच धरून ठेवते.

त्याची घडण उलगडण्याचा मोठा मान आपल्या देशाचा आहे. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या तंतूंवर क्ष-किरण सोडून अभ्यास केला आणि १९५४-५५ साली जगाला सांगितले की, यात तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. म्हणजे आपण मुलींची घालतो तीच तीन पेडांची वेणी! ही वेणी घट्ट बसायला क जीवनसत्त्व लागते. पूर्वी लांबच्या सफरीवर खलाशांना ताजी फळे मिळत नसत. तेव्हा त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि बऱ्या झालेल्या जखमाही पुन्हा उघडत. वेणी सैल पडली, दुसरे काय?

आता त्या कुपीविषयी. आपल्या वऱ्हाडात बीटी कपाशी सगळ्यांना ठाऊक आहे. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक तिच्यात घातलेले असते. आपल्या देशात तिला २००२ साली परवानगी मिळाली. त्याच रीतीने माणसाच्या कोलॅजेनचे जनुक, म्हणजे ते प्रथिन बनवण्याची कृती, शास्त्रज्ञ यीस्टमध्ये घालतात. पण नुसती कृती देऊन भागत नाही. पेड पक्के करणारी साधने यीस्टजवळ नसतात, म्हणून त्यांचीही जनुके घालावी लागतात. इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी तर तंबाखूच्या रोपात माणसाची पाच जनुके घालून असे कोलॅजेन तयार केले.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या तर त्यांना बसायला पाट लागतो. तो पाट या कोलॅजेनचा करतात. त्यावर औषधे पारखतात, जखम कशी भरते ते पाहतात. जनावरापासून काढलेल्या कोलॅजेनमधून रोग येण्याची धास्ती असते, आणि प्रत्येक वेळी माल सारखा उतरेलच असे नाही. पूर्वी इन्सुलिनही गाईडुकरांपासून काढत. १९८२ पासून ते अशाच रीतीने बनवलेले मिळू लागले. आज भाजलेल्या बाईची कातडी कशी भरून आणावी, याचा शोध घेणाऱ्यांच्या हाती ही कुपी मोलाची आहे.

पण भगिनींनो, ती खाण्यासाठी नाही, लावण्यासाठी नाही, आणि कोणी सुईने टोचून देतो म्हणाला तर त्याच्या वाऱ्यालाही उभ्या राहू नका. आणि तो डबा? पोटात गेलेले कोलॅजेन वरणातल्या प्रथिनासारखेच पचून त्याचे बारीक तुकडे होतात. ते सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही. काही प्रयोगांत थोडा गुण दिसल्याचे सांगतात, परंतु त्यातले बरेच प्रयोग विकणाऱ्यांच्याच पैशाने झालेले आहेत.

तेव्हा त्या भगिनीला माझे उत्तर असे: गुडघा डॉक्टरांना दाखवा. ताटात रोज वरण, उसळ असू द्या. आवळा, पेरू, लिंबू आणि आपल्या मोर्शी-वरुडचे संत्रे असू द्या. घरच्यांना वाढून उरले तर खाऊ, ही आपली जुनी खोड मात्र सोडा. शरीर आपली वेणी आपणच घालते. तिला लागणारे सामान तेवढे आपण पुरवायचे.