पाटलाच्या वावरात, आंब्याखाली



पदवी घेऊन या सभागृहातून बाहेर पडलात की समोर नागपूरची सीताबर्डीची टेकडी दिसेल. तिथली १८१७ ची लढाई तुम्ही शाळेत पाठ केली आहे. मला बोलायचंय ते त्या टेकडीच्या पोटाबद्दल. तिथं काळ्या दगडाचे दोन थर आहेत, आणि मध्ये गाळाचा एक पातळ पट्टा. लाव्हा आला, निवला, वर गोड्या पाण्याची डबकी साचली, त्यात गोगलगायी नांदल्या. मग पुन्हा लाव्हा आला. आपण बर्डीवर खरेदीला जातो, तेव्हा बाजूला हा सगळा इतिहास उभा असतो.

तो वाचला स्टीफन हिस्लॉप यांनी. १८४५ मध्ये नागपुरात आलेले हे स्कॉटिश मिशनरी. काम धर्मप्रसाराचं आणि शाळेचं. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत ते नागपूरजवळच्या टाकळीसारख्या गावांचे दगड फोडत हिंडले. हाती आलेलं त्यांनी पेटीत दडवून न ठेवता त्या-त्या विषयाच्या जाणकारांकडे धाडलं. भुंग्यांचे दगड झालेले पंख अँड्र्यू मरे यांच्याकडे गेले, डोळ्याला जेमतेम दिसणारे, शिंपलीत राहणारे सायप्रिस नावाचे जलजीव रूपर्ट जोन्स यांच्याकडे, मांगली गावी सापडलेली उभयचर प्राण्याची कवटी थेट रिचर्ड ओवेन यांच्याकडे. शंख-शिंपल्यांचं वर्णन त्यांनी स्वतः केलं.

आणि हिस्लॉप चुकले! लाव्हामधले हे गाळाचे थर त्यांनी डायनोसॉरनंतरच्या इओसीन काळातले मानले. आज आपण त्यांना डायनोसॉरच्या अखेरच्या काळाशी, सुमारे ६.६ कोटी वर्षांमागे नेऊन ठेवतो. पण कुठला नमुना कुठल्या गावच्या कुठल्या थरातून निघाला, हे त्यांनी लिहून ठेवलं होतं. म्हणून पुढच्यांना त्याच टाकळीत जाऊन त्यांची चूक काढता आली. आपली चूक दुसऱ्याला सापडेल अशी सोय करून ठेवणं, याला मी फार मानतो.

आता माझी गोष्ट. मी मातीचा माणूस. तरुणपणी यवतमाळकडच्या पाण्याचे नमुने गोळा केले, फ्लोराइड मोजलं, पेपर लिहिला, वही कपाटात टाकली. अलीकडे दातांच्या एक डॉक्टरबाई आल्या. फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर पिवळे डाग पडलेली गावं त्यांच्याकडे नोंदलेली होती. त्यांना माझे जुने आकडे हवे होते. मोठ्या ऐटीत वही उघडली. ‘वि-७, पाटलाच्या वावरात, आंब्याखाली. खोली २७.’

त्यांनी विचारलं, “सर, वि म्हणजे विहीर की विंधनविहीर? आणि २७ फूट की मीटर?”

खोल खडकातलं पाणी आणि वरचं पाणी यांत फ्लोराइडचा फरक पडतो, म्हणजे प्रश्न अगदी वर्मावरचा. मला उत्तर आलं नाही. लिहिताना वाटलं होतं, एवढं काय, आठवेलच. माझ्या शाखेतल्या मित्रांनी अंदाजानं चालवून घेतलं असतं. परक्या शाखेच्या बाईंनी घेतलं नाही, आणि बरंच केलं.

म्हणून सांगतो, नोंदी परक्यालाही कळतील अशा ठेवा आणि खुल्या करा. “सर, अजून पेपर यायचाय, आत्ताच डेटा कसा देऊ?” हे तुमच्यापैकी काहींच्या ओठावर असेल. भीती खोटी नाही, चोऱ्या होतात. पेपर येईपर्यंत जरूर थांबा, पण तारीख ठरवून थांबा. डेटा वैद्यकीय असेल, तर रुग्णांची नावं मात्र कधीच देऊ नका.

हिस्लॉप यांना थांबायलाही मिळालं नाही. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नाल्याच्या पुरात ते गेले. मागं गोंडी शब्दांच्या याद्या राहिल्या, गोंडांच्या लिंगोची कथा राहिली. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ती हस्तलिखितं १८६६ मध्ये छापली, म्हणून दगडवाल्याची टिपणं भाषावाल्यांच्या हाती पडली.

माझी वही छापण्याजोगी नाही. पाटलांचं वावर विकलं गेलंय, आंबा तोडलाय. डॉक्टरबाई आणि मी येत्या रविवारी वि-७ शोधायला निघतोय. सोबत लांब टेप घेतलाय. गाडीत मागं दोन जागा रिकाम्या आहेत.